तुंब्यातली मोहरी

वाठोडा, जिल्हा अमरावती
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८४९

शालिकराम,

आशीर्वाद आहेतच. दर पत्रात तेच लिहून शाई संपते.

तुझे पत्र काल मिळाले. पाकिटाची कड उचकटून पुन्हा डिंकाने चिकटवल्यासारखी दिसली. तूच चिकटवलीस की पोस्टात कोणी उघडून वाचले, ते आधी कळव.

तू लिहितोस की अकोल्याच्या सरकारी मळ्यावर तुम्ही जागोजागची मोहरी आणि सरसों पेरून सुधारलेले वाण काढता, आणि त्यासाठी तुला तुझ्या मामीची मोहरी हवी. तिच्यावर मावा पडत नाही, तिच्या शेंगा उन्हात तडकत नाहीत, हे तू तुझ्या साहेबाला सांगून बसलास. कोणी विचारले होते? लहानपणी चार वर्षे आमच्या घरी राहिलास, बांधावर बसून शेंगा फोडायचास, तेव्हा मला वाटायचे पोरगे खेळून राहिले आहे.

सुभद्रा लग्न होऊन आली तेव्हा माहेरहून ओटीत हे बी घेऊन आली. त्यांच्याकडचा रिवाज तुला माहीत आहे. हे बी विकायचे नाही, उसने द्यायचे नाही, घरची लेक सासरी निघाली की तिच्या ओटीतच जायचे. आम्हाला लेक झाली नाही. म्हणून ते चुलीवर टांगलेल्या, वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात राखेत कालवलेले आहे, आणि दरसाल मी गव्हाच्या बांधाला लागेल तेवढेच पेरतो. तिला जाऊन सहा वर्षे झाली. चार दिवसांनी तिची अविधवा नवमी. तिच्या हातचे म्हणून माझ्याजवळ हे एवढेच उरले आहे.

आता नीट उत्तर दे. बियाला नंबर पडेल असे लिहिलेस. नंबर पडला की मग ते कोणाचे? उद्या माझ्याच बांधावर पेरायला मला अर्ज करावा लागेल काय? आणि माझ्या शेताचा सर्व्हे नंबर कशाला विचारलास? मोहरीला सर्व्हे नंबर लागत नाही.

नत्थुजी

ता. क. उत्तम धारणीला जंगलखात्यात गेल्यापासून घरात मी आणि सून शकुन, दोनच माणसे. तिच्यासमोर हे पत्र वाचले नाही. तिच्या माहेरी गोष्ट जायला वेळ लागत नाही.


अकोला
२ ऑक्टोबर १९२७

मामा, पायांवर डोके ठेवतो.

पाकीट मीच उघडले आणि मीच चिकटवले. आधीच्या कागदात मामीच्या मोहरीचे लिहायचेच राहून गेले होते. तुमच्यासमोर विषय काढायची भीती वाटली, हे खरे.

नंबर म्हणजे ओळीच्या तोंडाशी रोवलेली लाकडी पाटी. इथे बेचाळीस ठिकाणची मोहरी बेचाळीस ओळींत आहे. मामीची आली तर त्रेचाळिसावी. सर्व्हे नंबर रजिस्टरात लिहितात, कोणते बी कोणत्या मातीतले हे कळावे म्हणून. तुमची मोहरी तुमचीच राहील.

उत्तरेकडची एक राई आहे. दाणा टपोरा, तेल भरपूर. पण जानेवारीत मावा पडला की तिचे शेंडे चिकट होऊन काळे पडतात. मामीची दाण्याने बारीक, पण हटत नाही. दोघींचे गुण एका रोपात यावेत म्हणून त्यांची सोयरीक करायची आहे. सात-आठ वर्षे लागतील.

शेतकी खात्यात मी कामदार असलो तरी अजून कायम नाही. साहेब म्हणाले, "बी आणा, मग तुमच्या कायम होण्याचं बोलू." तुमच्यावर ओझे घालत नाही. पण ही गोष्ट लपवली असती तर तुम्ही ती शोधून काढलीच असती.

शालिकराम


वाठोडा
आश्विन वद्य द्वितीया

शालिकराम,

आशीर्वाद. अर्धा पाव मोहरी आपल्या गावच्या पुंजारामच्या हाती पाठवत आहे. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठाला त्याचे भाजीचे दुकान आहे, तिथून घेऊन जा. पोस्टाने पाठवली नाही. पोस्टात काय होते ते सांगता येत नाही. पुडीला मी सात गाठी मारल्या आहेत. सहा निघाल्या तर मला कळव.

बी चांगले आहे. दाणा जरा जास्त काळा दिसेल, यंदा चुलीचा धूर फार लागला. वास आला तर तोही धुराचाच. सगळे उगवेल असे मी लिहून देत नाही. अकोल्याच्या मातीचा मला भरवसा नाही.

सोयरीक जुळवायची म्हणतोस. तुझ्या मामीने हयातभर कोणाची सोयरीक जुळवली नाही, म्हणायची की पुढे दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. तुला कोणाकोणाची खावी लागतील ते बघ.

आता पुन्हा मागू नकोस. तुंब्यात फक्त पेरणीपुरते उरले आहे.

नत्थुजी


अकोला
२४ नोव्हेंबर १९२७

मामा, पायांवर डोके.

पुडी मिळाली. गाठी सातच होत्या. ओळ क्रमांक त्रेचाळीस कार्तिकाच्या सुरुवातीला पेरली. दोन्ही बाजूंच्या ओळी बोटबोट वर आल्या आहेत. आपली जवळजवळ मोकळी आहे.

साहेब काल ओळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "शालिकराम, तुमच्या मामाची मोहरी फारच सुधारलेली दिसते. तिला उगवायचीही गरज वाटत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

पण त्यांचे कुतूहल गेलेले नाही. फेब्रुवारी संपता संपता ते अमरावतीकडे दौऱ्यावर निघतील. तोपर्यंत तुमची कापणी झालेली असेल. वाठोड्याला थांबून, तुंबा स्वतः पाहून, त्यातले बी घ्यायचे त्यांच्या मनात आहे. मीही बरोबर येईन.

एक विचारू? पुडी बांधताना शकुनवहिनी जवळ होत्या का?

शालिकराम


वाठोडा
पौष वद्य षष्ठी

शालिकराम,

उगवली नाही हे वाचून वाईट वाटले. मी आधीच म्हटले होते, तुमची माती. शकुनचे काय विचारतोस? ती पुडी बांधताना नव्हती. असली तरी तुला काय करायचे आहे?

आता मी काय पाहिले ते लिहितो. तुला न कळवता मी परवा अकोल्याला येऊन गेलो. पुंजारामकडे उतरलो आणि सकाळी चालत तुमच्या मळ्याच्या कुंपणाशी येऊन उभा राहिलो. मळा सगळा पिवळा झाला होता. आणि तू, माझ्या बहिणीचा मुलगा, उकिडवा बसून एकेक कळी बोटाने उघडत होतास आणि चिमट्याने आतले केसर उपटून फेकत होतास. मग त्या बिचाऱ्या फुलावर कागदाची पिशवी घालून दोऱ्याने गळा बांधलास. अशा पिशव्या घातलेली कितीतरी रोपे मी मोजली. पावणेदोन तास उभा होतो.

मला लिहितावाचता तिसरीपुरते येते, पण बैल खच्ची करतात ते मी पाहिले आहे. हे तेच आहे. फुलाचे पुरुषपण काढून घ्यायचे, वांझ बी तयार करायचे, ते गावोगाव वाटायचे, आणि मग दरसाल पेरणीला आम्ही तुमच्या दारात उभे राहायचे. याला तुम्ही सुधारणा म्हणता. उघड काम असते तर पिशवी कशाला लागली असती?

तुझ्या साहेबाला सांग, वाठोड्याचा रस्ता खराब आहे.

नत्थुजी


अकोला
२९ जानेवारी १९२८

मामा,

तुम्ही कुंपणापर्यंत आलात आणि घरी आला नाहीत. तुमच्या भाचेसुनेने, लीलाने, ऐकले तेव्हा तिने स्वयंपाक तसाच ठेवला आणि बाहेर जाऊन बसली. म्हणाली, "मामाजीले आपल्या घरच्या पान्याचाबी भरवसा नाई काय?"

तुम्ही पाहिलेत ते खरे आहे, लावलात तो अर्थ खोटा. मोहरीच्या एकाच फुलात आई-बाप दोघे असतात. राईच्या दहा-वीस फुलांत दुसऱ्या घरच्या केसराची धूळ घालायची म्हणून त्यांचे केसर काढतो. बी वांझ होत नाही, उलट त्या फुलाला दोन घरांचे बी धरते. आणि पिशव्या मधमाशीसाठी. तिला आपले-परके कळत नाही, एका ओळीचे दुसऱ्या ओळीत नेऊन सोडते. जी रोपे मला जशीच्या तशी, बिनभेसळीची राखायची आहेत, त्यांच्यावर पिशवी असते. तुम्ही मोजलीत ती बहुतेक तशीच रोपे होती. त्यांची मी किती काळजी घेतो हे तुम्ही पावणेदोन तास पाहिलेत, एवढे तरी बरे झाले.

साहेब ३ मार्चला येतील. मला इथेच थांबायला सांगितले आहे. त्यांना चहा चालतो.

शालिकराम


वाठोडा
फाल्गुन वद्य चतुर्थी

शालिकराम,

आशीर्वाद. लीलाला सांग, पाणी मी कुठेच पीत नाही, पोटाचे दुखणे आहे. राग धरू नये.

तुझा साहेब येऊन गेला. माणूस वाईट वाटला नाही, पण फार हसतो. चहा घेतला. मग विचारले, तुंबा कुठे आहे? मी चुलीवरचा तुंबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने उपडा केला, राख पडली. मी म्हटले, "यंदा मोहरी झालीच नाई साहेब, पाखरानं खाल्ली." त्याने माझ्याकडे पाहिले, मग दारातून बांधाकडे पाहिले. तिथे कापलेल्या मोहरीचे सड अजून उभे होते. ते काढायचे माझ्या ध्यानात राहिले नव्हते. तो टोपी घालून उठला. शकुनला म्हणाला, "चहा छान होता, बाई," आणि गेला.

आता तुला सांगायला हरकत नाही, तुझ्या हाती काही लागायचे नाही. तुंब्यातली जुनी आणि खळ्यातली नवी, सगळी मोहरी मी मडक्यात भरून, तोंड शेणाने लिंपून अशा जागी ठेवली आहे की शकुनलाही पत्ता नाही. तिला सांगितले, वर्षभर फोडणीला बाजारची मोहरी आण. ती म्हणाली, "घरची असून?" मी म्हटले, घरची आता नाही. तिने माझ्याकडे तुझ्या साहेबासारखेच पाहिले.

यापुढे या विषयावर पत्र नको.

नत्थुजी


वाठोडा
आश्विन वद्य तृतीया, शके १८५०

शालिकराम,

सात महिने तुझे पत्र नाही. मीच नको म्हटले होते, पण तू एवढे ऐकशील असे वाटले नव्हते. लीलाची तब्येत कशी आहे? पुंजाराम म्हणाला, तू वाळला आहेस.

यंदा अधिक महिना आला, पाऊसही लांबला. तुमच्याकडे मोर्णेला पूर आला होता म्हणे. इकडे जमिनीला अजून ओल आहे. गव्हाला चांगले.

तुझ्याकडे मागच्या वर्षीच्या पुडीतले काही राहिले असेल काय? पुडीच्या घडीत दाणे अडकतात. कपाटाच्या फटीत पडतात. सहज विचारतो.

सहज नाही. लिहितो.

मडके मी गोठ्यामागच्या जुन्या पेवात ठेवले होते. माझ्या बापाच्या वेळी त्यात ज्वारी राहायची. वर फरशी, फरशीवर माती, मातीवर कडबा रचला. दसरा झाल्यावर पेव उघडले. वाफ अंगावर आली. खाली गुडघाभर पाणी होते, मडके फुटून पडले होते. आतली मोहरी शेणाच्या गोळ्यासारखी झाली होती, पांढरी बुरशी आलेली. मी ती उन्हात पसरली. ओल्या फडक्यात शंभर दाणे ठेवले, जसे तुम्ही लोक ठेवता. पाच दिवस रोज उघडून पाहिले. एकालाही मोड नाही.

फोडणीच्या डब्यात बाजारची आहे. शेजाऱ्यांकडे नाही, कोणाला कधी दिलीच नव्हती. चुलीवर तुंबा आहे, त्यात राख आहे.

आणखी एक लिहायचे होते, ते लिहवत नाही. तुझ्या पुडीतले बी कपाटाच्या फटीत सापडले तरी उपयोगाचे नसेल. ते मला माहीत आहे.

नत्थुजी


अकोला
७ नोव्हेंबर १९२८

मामा, पायांवर डोके.

तुम्हाला लिहवले नाही ते मी लिहितो. मोहरी भाजलेली होती. पुडीची सातवी गाठ सुटली आणि वास आला तेव्हाच मला कळले. तुमच्या स्वयंपाकघरात मी चार वर्षे जेवलो आहे. धुराचा वास वेगळा आणि कढईचा वेगळा.

राग आला होता. पुडी मोर्णेत टाकावी असे वाटले. पण दाणे कागदावर पसरले तेव्हा काळ्यांत काही तांबूस दाणे दिसले, कच्चे, ताजे. भाजलेल्यात कच्चे कसे आले हे मला आजही कळलेले नाही. म्हणून शकुनवहिनींचे विचारले होते. सगळेच पेरले. एकतीस रोपे आली. तुम्हाला कळवले नाही, कारण कळवले असते तर तुम्ही ती उपटायला आला असता असे मला वाटले. तुम्ही आलातच, आणि कुंपणावरून मोजून गेलात. ज्या पिशव्या तुम्ही मोजल्या, त्यांच्याखाली मामीची मोहरी होती.

मावा यंदाही पडला. एकतिसांवर पडला नाही. साहेबांनी रजिस्टरात तसे लिहिले. पण त्याच पानावर वर 'उगवण फार कमी, बी सदोष' असेही आहे, आणि बी आणणारा म्हणून माझे नाव. कायम होण्याचे वर्षभर पुढे गेले. असो.

निम्मे बी मळ्याचे. उरलेले दोन मुठी निघाले, ते तुमचे. पोस्टावर तुमचा भरवसा नाही आणि रिवाजही मला माहीत आहे. म्हणून लीला घेऊन येत आहे, ओटीत. सोमवारच्या सकाळच्या गाडीने निघेल. स्टेशनवर कोणाला तरी पाठवा. ती आली की तिला आधी पाणी द्या, आणि तिच्यासमोर तुम्हीही प्या.

शालिकराम


वाठोडा
माघ वद्य दशमी

शालिकराम,

तुला आशीर्वाद, लीलाला दोन जास्त.

कार्तिकात ती आली तेव्हा लगेच पत्र लिहायचे होते. पण आधी उगवू दे म्हटले. उगवल्यावर वाटले, फुलू दे. आता खळे झाले, म्हणून लिहितो. तुझ्यावर अविश्वास नव्हता. बियावर होता.

लीला स्टेशनवर उतरली तेव्हा पदर दोन्ही हातांनी धरून होती. मी बैलगाडी घेऊन गेलो होतो. घरी आल्यावर तिने ओटीतली मोहरी शकुनच्या ओटीत घातली. मी दोघींसमोर तांब्याभर पाणी प्यालो. मग तुझे पत्र शकुनला वाचून दाखवले. पहिल्यांदाच. कच्च्या दाण्यांचे आले तिथे मी थांबलो आणि तिच्याकडे पाहिले. ती लीलाला पाट देत होती.

मी विचारले, "काहून वो, त्या दिवशी कढईजवळ कोन होतं?"

"तुमीच होते मामाजी. मले म्हनलं, जाय, गोठ्यात जाय."

"मंग?"

"मंग तुमी पानी प्याले उठले. मी आली, चिमूटभर कच्ची टाकली, अन् गेली गोठ्यात."

"मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं निवडत बसले असते एकेक दाना." लीला पदर तोंडाला लावून हसायला लागली. शकुन मात्र हसली नाही. म्हणाली, "सासूबाईच्या हातची हाये थे. मेलेली कशी पाठवावी कोनाच्या घरी?"

मी उठून बांधावर गेलो. तिथे तेव्हा काहीच नव्हते, तरी बराच वेळ बसलो. सहा वर्षे मी त्या तुंब्यावर नजर ठेवून होतो, ती जास्त करून शकुनवरच.

पेरणी तिच्या हाताने केली. पौषात फूल आले तेव्हा मी आणि शकुनने कागदाच्या पिशव्या शिवून पंचवीस रोपांना घातल्या, कारण किसनरावने शेजारच्या शेतात बाजारची मोहरी टाकली होती आणि मधमाशीचे तू लिहिलेच होतेस. किसनराव रोज बांधाशी येऊन उभा राहायचा. एके दिवशी विचारले, "काय लपवून राहिले बाप्पा टोप्यायखाली?" मी म्हटले, "काई नाई." तो गेला, पण दोनदा वळून पाहिले. ते पाहणे माझ्या चांगले ओळखीचे होते.

सोबत दोन पुड्या पाठवत आहे. मोठी मळ्यासाठी. लहान तुझ्या साहेबासाठी, तिच्याबरोबर त्याच्या नावाची चिठ्ठी आहे. तीत लिहिले आहे की मागल्या सालचे बी मी, नत्थुजी, राहणार वाठोडा, स्वतः कढईत भाजून पाठवले होते, त्यात शालिकरामचा दोष नाही. पाखरांनी मोहरी खाल्ली हेही खोटे होते. रजिस्टरात खाडाखोड चालत असेल तर करावी, नाही तर ही चिठ्ठी त्या पानाला चिकटवावी. खाली सही केली आहे, आणि सही कोणी खोटी म्हणू नये म्हणून अंगठाही उठवला आहे. वाचून पाहा आणि मग दे. लपवू नकोस.

काल खळे आवरताना किसनराव आला. म्हणाला, यंदा त्याच्या मोहरीचा माव्याने चिखल केला, मूठभर बी मिळेल काय? बावीस वर्षांत त्याने तीनदा मागितले होते आणि मी तीनदा नाही म्हटले होते. शकुन सुपाशी थांबली. मी तिला म्हटले, दे. तिने त्याच्या उपरण्यात घातली. तो घेऊन लगेच गेला नाही. चार दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले, एक दाताखाली फोडून पाहिला. मला राग आला नाही. मी त्याला पाहू दिले.

कच्चीच दिली आहे.

नत्थुजी